घर घ्या पुढच्या गिऱ्हाइकाच्या नजरेने

सोलापूर महापालिकेची हद्द १९९२ साली वाढली. तोवर सुमारे ३३ चौरस किलोमीटरमध्ये मावलेले शहर एका निर्णयाने १७८ चौरस किलोमीटरच्या घरात गेले आणि बाळे, केगाव, देगाव, शेळगी, दहिटणे, मजरेवाडी, कुमठे, सोरेगाव ही गावे शहरात आली. जमिनीचे कागद मात्र बऱ्याच ठिकाणी शेतीचेच राहिले. मूळ मालकांनी गटातले गुंठे पाडून विकले. गिरणीतून बाहेर पडलेल्या, यंत्रमागावर राबणाऱ्या, विड्या वळणाऱ्या कुटुंबांनी ते घेतले, त्यावर घरे बांधली, मागून वीज आली, नळ आले, महापालिकेची घरपट्टी सुरू झाली. त्यामुळे आज सोलापुरात घर शोधणाऱ्या माणसासमोर एकाच रस्त्यावर दोन बाजार उभे असतात. एका बाजारात दुय्यम निबंधकाकडे खरेदीखत होते आणि बँक कर्ज देते. दुसऱ्यात नोटरीच्या शिक्क्याचा कागद, कब्जा पावती आणि चार ओळखीच्या माणसांचा शब्द मिळतो. दोन्हीकडची घरे बाहेरून सारखीच दिसतात, पण दुसऱ्या बाजारातली किंमत कमी असते आणि बेताच्या कमाईचे कुटुंब तिकडेच ओढले जाते. अशा प्रत्येक कुटुंबाला माझे सांगणे एवढेच आहे की, घर आपल्या नजरेने पाहून झाले की ते पुन्हा एकदा दहा वर्षांनी तुमच्याकडून ते विकत घेणाऱ्याच्या नजरेने पाहा. त्या गिऱ्हाइकाला जे अडेल ते आज तुम्हाला स्वस्तात मिळते आहे, आणि ते स्वस्त असण्याचे कारणही बहुधा तेच आहे.

यावर पहिले उत्तर येते ते असे, की आम्हाला घर विकायचेच नाही, राहायचे आहे. भावना खरी आहे, पण घराकडून कुटुंबाची जी अपेक्षा असते ती नुसत्या राहण्यापुरती नसते. मुलीच्या शिक्षणासाठी कर्ज काढताना घर तारण द्यावे लागते. मुलगा नोकरीसाठी पुण्याला गेला आणि तिथेच स्थिरावला, की आईवडिलांना कधी तरी इथले घर मोडून तिकडे जावे लागते. आजारपणात मोठी रक्कम उभी करायची तर सोन्यानंतर घरच असते. आणि यातले काहीच झाले नाही तरी वारसांमध्ये वाटणी कोणालाच चुकत नाही. या प्रत्येक वेळी कोणी तरी तिऱ्हाईत माणूस, बँकेचा अधिकारी, वकील किंवा गिऱ्हाईक, तुमचे कागद हातात घेऊन बसणार आहे. ज्या कुटुंबाची आयुष्यभराची कमाई एकाच वस्तूत अडकते, त्याने ती वस्तू गरजेच्या वेळी मोडता येईल की नाही हे आधी पाहिलेच पाहिजे.

कायदा याबाबतीत अगदी स्पष्ट आहे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम १८८२ च्या कलम ५४ नुसार शंभर रुपये आणि त्याहून अधिक किमतीच्या स्थावराची विक्री नोंदणीकृत दस्तानेच होते, आणि नुसत्या विक्रीच्या करारातून मालमत्तेत कोणताही हक्क निर्माण होत नाही. नोंदणी अधिनियम १९०८ च्या कलम १७ मध्ये असे दस्त सक्तीने नोंदवायला सांगितले आहेत. मुखत्यारपत्र, करारनामा आणि मृत्युपत्र असे तीन कागद एकत्र करून खरेदीखत टाळण्याची जी पद्धत देशभर पडली होती, ती विक्री ठरत नाही असे सर्वोच्च न्यायालयाने सूरज लॅम्प विरुद्ध हरियाणा राज्य या प्रकरणात ११ ऑक्टोबर २०११ रोजी सांगितले. नोटरी फक्त एवढेच सांगतो की अमुक माणसाने माझ्यासमोर सही केली. त्या माणसाला विकण्याचा अधिकार होता का, त्याने तोच तुकडा आणखी कोणाला लिहून दिला आहे का, यातले काही नोटरी तपासत नाही. ऑक्टोबर २०२४ पासून शंभराऐवजी पाचशेचा स्टँप लागू लागला म्हणून त्या कागदाची ताकदही पाचपट झाली असा समज काहींचा दिसतो. ती तितकीच राहिली आहे.

आता पैशाचा हिशेब मांडू, कारण खरा मोह तिथे आहे. समजा एकाच भागात दोन सारखी घरे आहेत. नोटरीवरचे १४ लाखांना, खरेदीखताचे १८ लाखांना. तुमच्याकडे सव्वासात लाख जमा आहेत. खरेदीखताच्या घराला मुद्रांक शुल्क महापालिका हद्दीत सहा टक्के धरले तर १ लाख ८ हजार, आणि नोंदणी फी एक टक्का, म्हणजे १८ हजार. एकूण सव्वाएकोणीस लाखांच्या थोडे वर. म्हणजे बारा लाखांचे कर्ज लागेल. साडेआठ टक्के दराने वीस वर्षांचा हप्ता सुमारे १०,४१४ रुपये बसतो. नोटरीच्या घराला पावणेसात लाखच कमी पडतात, पण त्या घरावर कोणतीही बँक गृहकर्ज देत नाही. मग पैसे भिशीतून, सोने गहाण ठेवून, पाहुण्यांकडून आणि शेवटी शेकडा दोन रुपये महिना दराने बाहेरून उभे राहतात. पावणेसात लाखांवर शेकडा दोनने महिन्याचे नुसते व्याज १३,५०० होते आणि मुद्दल जागचे हलत नाही. मुद्दलासह पाच वर्षांत फेडायचे म्हटले तर महिन्याला साधारण १९,४०० रुपये काढावे लागतात.

येथे कोणी म्हणेल की पाच वर्षांत सुटका होते, बँकेत मात्र वीस वर्षे अडकून पडावे लागते. हा आक्षेप रास्त आहे, म्हणून तोही तपासून पाहू. तेच १९,४०० रुपये बँकेच्या बारा लाखांच्या कर्जाला दर महिन्याला भरले तर ते कर्ज सात वर्षांच्या आत संपते. वैयक्तिक कर्जदाराच्या बदलत्या दराच्या गृहकर्जावर मुदतीआधी फेडीचा दंड बँकेला लावता येत नाही. फरक उरतो सुमारे पावणेदोन वर्षांचा, आणि त्या बदल्यात हातात येते १८ लाखांचे, उद्या गहाण टाकता येणारे, विकता येणारे घर. शिवाय पाच वर्षांत एकदा माग बंद पडला, एकदा दवाखाना लागला, तर बँकेचा हप्ता १०,४१४ वर आणता येतो. शेकडा दोनच्या देणेकऱ्याला ती सवड नसते. ज्याच्याकडे पूर्ण १४ लाख रोख तयार आहेत त्याला पहिल्या दिवशी नोटरीचे घर स्वस्त पडते हे मान्य केलेच पाहिजे. पण त्याच्यानंतरचे गिऱ्हाईकही रोखीचेच असावे लागेल, आणि रोख मोजणारा माणूस भाव पाडूनच घेतो.

याहून जड आक्षेप आहे तो गरीब कुटुंबाचा. विडी वळणाऱ्या बाईकडे, यंत्रमागावर काम करणाऱ्या माणसाकडे पगाराची पावती नसते, प्राप्तिकराचे विवरणपत्र नसते, मग बँक दारात उभी करत नाही. हे खरे आहे आणि त्यात बँकांचा दोष आहेच. पण कायदेशीर घर हे फक्त पगारदारांसाठी असते असा निष्कर्ष त्यातून काढायचा असेल, तर सोलापूर हेच त्याच्या विरुद्धचे उदाहरण आहे. कुंभारी येथे विडी कामगार महिलांसाठी कॉम्रेड गोदूताई परुळेकर यांच्या नावाने दहा हजार घरांची वसाहत झाली आणि २००६ मध्ये तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते तिचे हस्तांतर झाले. त्याच परिसरात असंघटित कामगारांसाठी तीस हजार घरांचा रे नगर प्रकल्प प्रधानमंत्री आवास योजनेत उभा राहिला आणि त्यातील पंधरा हजार घरे १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या उपस्थितीत दिली गेली. माजी आमदार नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखाली कामगारांनी संस्था करून, जमीन घेऊन, केंद्र आणि राज्याचे अनुदान मिळवून हे साधले. अंतर, वाहतूक, कामाच्या ठिकाणापासूनचा दुरावा या तिथल्या अडचणी खऱ्या आहेत, पण घर कोणाचे याबद्दल तिथे शंका नाही. सप्टेंबर २०२४ पासून सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजना-शहरी २.० मध्येही वार्षिक नऊ लाखांपर्यंत उत्पन्न आणि ३५ लाखांपर्यंत किंमत असलेल्या घरासाठी, २५ लाखांपर्यंतच्या कर्जातील पहिल्या आठ लाखांवर चार टक्के व्याज सवलत आहे. पाच वार्षिक हप्त्यांत ती १ लाख ८० हजारांपर्यंत जाते. देशात कुठेही पक्के घर नसावे ही तिची अट आहे. पगाराची पावती नसेल तर निदान वर्षभर सगळी मजुरी बँकेच्या खात्यातून येऊ द्या, शक्य असेल तर विवरणपत्र भरा. घर शोधण्याआधीचे ते एक वर्ष वाया गेले असे वाटेल, पण त्या वर्षातच कर्जाची पात्रता तयार होते.

‘सरकार आज ना उद्या नियमित करतेच’ हा विश्वास आपल्याकडे खोल रुजलेला आहे आणि त्याला आधारही आहे. गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा २००१ साली आला, तेव्हा १ जानेवारी २००१ ही तारीख होती. २०२१ मध्ये ती ३१ डिसेंबर २०२० पर्यंत पुढे नेली. तुकडेबंदी कायद्याविरुद्ध झालेले छोट्या तुकड्यांचे व्यवहार २०२५ च्या अखेरीस सवलतीत आले, पण १५ ऑक्टोबर २०२४ पर्यंतचेच. या तारखा नीट पाहा. प्रत्येक सवलत मागे घडून गेलेल्या व्यवहारांसाठी असते. आज नव्याने पाडलेला गुंठा घेणारा माणूस त्या तारखेच्या बाहेर आहे, आणि पुढची तारीख कधी येईल, येईल की नाही, हे कोणी सांगू शकत नाही. घर जुने असेल, मूळ तुकडा त्या तारखेआधी पाडलेला असेल, तर गोष्ट वेगळी. मग नियमितीकरण झाल्याचे प्रमाणपत्र विक्रेत्याकडे मागा, आणि ते त्याने त्याच्या खर्चाने आधी करून द्यावे अशी अट करारात घाला. आणखी एक मोठी गल्लत इथे होते. व्यवहार नियमित होणे, भूखंडाचा रेखांकनात समावेश होणे आणि बांधकामाला परवानगी असणे या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. पहिली झाली म्हणून बाकीच्या दोन आपोआप होत नाहीत. विकास आराखड्यात शाळा, उद्यान किंवा रस्त्याचे आरक्षण असलेल्या जागेवर, नाल्याच्या पात्रात बांधलेले घर नियमितीकरणाच्या दारात अडकते.

घरपट्टीची पावती आणि महावितरणचे बिल दाखवून ‘इतकी वर्षे काही झाले नाही’ असे सांगणारे विक्रेते असतात. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमातील कलम २६७-अ प्रमाणे बेकायदा बांधकामावर मालमत्ता कराच्या दुप्पट शास्ती लावता येते आणि ती वसूल केली म्हणून बांधकाम नियमित झाले असे मानले जात नाही, हे त्याच कलमात लिहिले आहे. कर हा वापरावर आहे, मालकीचा दाखला नाही. काही होत नाही या समजाबद्दल सोलापूरकरांना वेगळे सांगायला नको. होटगी रस्त्यावरच्या श्री सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याची सहवीजनिर्मितीची चिमणी विनापरवाना ठरून, वर्षानुवर्षांच्या न्यायालयीन लढाईनंतर, १५ जून २०२३ रोजी पाडली गेली. हजारो सभासदांची संस्था पाठीशी असतानाही परवान्याचा प्रश्न मिटला नाही. एका खासगी घराच्या मागे तेवढे बळ कुठून येणार?

मग कागद पाहायचे ते कसे. हद्दवाढ भागातील जागेसाठी सुरुवात सातबाऱ्यापासून करावी, पण सातबाऱ्यावर थांबू नये. निदान तीस वर्षांचे फेरफार तलाठी कार्यालयातून किंवा ऑनलाइन काढा आणि आजच्या मालकापासून मागे मागे जा. प्रत्येक मालकाकडे ती जमीन कशी आली हे जुळले पाहिजे. खरेदीने आली असेल तर दस्त क्रमांक, वारसाने आली असेल तर सगळ्या वारसांची नावे. मग भोगवटादार वर्ग पाहा. वर्ग दोन असेल तर जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय विक्री होत नाही. ‘इतर हक्क’ या रकान्यात कुळाचे नाव, इनाम वा देवस्थानचा उल्लेख, बँकेचा बोजा, किंवा नागरी जमीन कमाल धारणा कायद्याखालची नोंद असू शकते. तो कायदा महाराष्ट्रात नोव्हेंबर २००७ मध्ये रद्द झाला, तरी त्याखाली सूट दिलेल्या जमिनींच्या अटी मागे राहिल्या, आणि सोलापूर हे तो लागू असलेल्या शहरांपैकी एक होते. यानंतर बिगरशेती आदेश, मंजूर रेखांकन आणि महापालिकेच्या नगररचना विभागाचा झोन दाखला पाहायचा. एका गटात साठ जणांची नावे सामाईक लागलेली असतील तर तुमचा तुकडा नक्की कुठला हे सातबारा सांगत नाही. ते फक्त मोजणी नकाशा सांगतो. म्हणून भूमी अभिलेख कार्यालयाची मोजणी झाल्याशिवाय चतुःसीमा खऱ्या मानू नका. मोजणीला वेळ लागतो म्हणून विक्रेता कुरकुर करील. ज्याला घाई आहे त्याच्याच जागेची मोजणी आधी करून घेतली पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

पेठांतली गोष्ट निराळी. साखर पेठ, मंगळवार पेठ, मुरारजी पेठ या भागांत सिटी सर्व्हे झालेला आहे, मिळकत पत्रिका आहे, हद्दी जुन्या आणि माहितीच्या आहेत. इथे अडचण जमिनीची नसून माणसांची असते. आजोबांच्या नावावरचे घर, त्यांची मुले आणि नातवंडे कोणी भिवंडीला, कोणी सुरतेला, कोणी हैदराबादला, आणि सोलापुरात राहणारा एक भाऊ घर विकायला निघालेला. हिंदू उत्तराधिकार कायद्यात ९ सप्टेंबर २००५ पासून मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच हक्क आहे, आणि वडील त्या दिवशी हयात असोत वा नसोत तो जन्माने आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा प्रकरणात ऑगस्ट २०२० मध्ये ठरवले. ‘बहिणींचे लग्न झाले, त्यांचे काही म्हणणे नाही’ हे वाक्य विक्रेत्याच्या तोंडून ऐकले की तिथेच थांबा. बहिणींनी सही करून नोंदवलेले हक्कसोडपत्र दाखवा म्हणावे, नाही तर त्यांना खरेदीखतावर लिहून देणार म्हणून सह्या करू द्या. वारसांना काय वाटते हे समजण्यासाठी स्थानिक वृत्तपत्रात जाहीर नोटीस द्यायची पद्धत आहे, ती पाळावी. वारस भिवंडीत असतील तर तिथल्या वृत्तपत्रातही द्यावी. खर्च काही हजारांचा, आणि वाचणारा वाद वीस वर्षांचा असू शकतो. खाली जुना भाडेकरू असेल तर ‘तो उठेल’ या तोंडी शब्दावर व्यवहार करू नका. भाडे नियंत्रण कायदा त्याच्या बाजूने उभा आहे. रिकामा ताबा दिल्याशिवाय शेवटची रक्कम द्यायची नाही, एवढे करारात पक्के असावे.

फ्लॅटच्या बाबतीत महारेराचे नाव सगळ्यांना ठाऊक झाले आहे आणि त्याचे संरक्षण खरेच मोठे आहे. नोंदणीकृत कराराशिवाय किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम विकासकाला घेता येत नाही, गिऱ्हाइकांकडून आलेल्या पैशातील सत्तर टक्के स्वतंत्र खात्यात ठेवावे लागतात, ताबा दिल्यापासून पाच वर्षे बांधकामातील दोष त्याने स्वखर्चाने दुरुस्त करून द्यायचे असतात, आणि किंमत चटई क्षेत्रावर सांगावी लागते. पण पाचशे चौरस मीटरपर्यंतच्या जागेवरचा किंवा आठ सदनिकांपर्यंतचा प्रकल्प नोंदणीतून सुटतो. सोलापुरात जुळे सोलापूर, विजापूर रस्ता, होटगी रस्ता या भागांत अशा लहान इमारती आणि रो-हाउस बरेच आहेत. तिथे महारेराचा क्रमांक मागून उपयोग नाही, तपासणी आपल्यालाच करावी लागते. त्यातही एक कागद बाकी सगळ्यांहून महत्त्वाचा आहे. तो म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र, ज्याला आपण वापर परवाना म्हणतो. मंजूर नकाशाप्रमाणे बांधले गेले याची महापालिकेने दिलेली ती कबुली असते. विकासकाने वाहनतळात दोन दुकाने काढली, गच्चीवर एक मजला चढवला, की तो मिळत नाही आणि त्याची झळ निर्दोष सदनिकाधारकांनाही बसते. तो मिळालेल्या तयार फ्लॅटवर जीएसटीही लागत नाही. बांधकाम चालू असलेल्या फ्लॅटवर तो पाच टक्के असतो, आणि परवडणाऱ्या घराच्या व्याख्येत, म्हणजे आपल्याकडे ९० चौरस मीटर चटई क्षेत्र आणि ४५ लाखांच्या आत बसत असेल तर एक टक्का. मंजूर नकाशाची प्रत हातात घेऊन एकदा इमारतीत फिरा. नकाशात बाल्कनी आहे तिथे खोली दिसली, तर पुढच्या गिऱ्हाइकालाही ती दिसणार आहे.

या शहरात कागदाइतकेच महत्त्व पाण्याला आहे. उजनी, टाकळी आणि हिप्परगा या तीन ठिकाणांहून पाणी येते, तरी ते रोज येत नाही आणि किती दिवसांआड येते हे भागागणिक बदलते. शहरी माणसामागे दिवसाला १३५ लिटर हे केंद्राच्या मार्गदर्शिकेतील प्रमाण धरले तर पाच माणसांच्या घराला चार दिवसांचे २,७०० लिटर साठवावे लागते. सोळा फ्लॅटच्या इमारतीला ४३,००० लिटरचा हौद हवा. विकासकाने दाखवलेली टाकी पंधरा हजारांची असेल तर उरलेले पाणी टँकरने येणार, आणि त्याचा खर्च सोसायटीच्या मासिक वर्गणीत दिसेल. म्हणून घर पाहायला उन्हाळ्यात जा, शेजारच्या बाईंना पाणी कधी येते, किती वेळ येते, बोअरला मे महिन्यात पाणी असते का, हे विचारा. विक्रेत्याच्या उत्तरापेक्षा ते उत्तर खरे असते. दुसरी फेरी जोराच्या पावसानंतर मारा. नाल्याकाठच्या सखल भागात पाणी कुठवर चढते हे भिंतींवरच्या ओलीच्या रेषेवरून कळते. काळ्या मातीच्या जागेत पाया मुरूम किंवा कातळापर्यंत नेलेला नसेल, तर उन्हाळ्यात माती आकसून आणि पावसाळ्यात फुगून भिंतींना तिरके तडे जातात. नवा रंग दिलेले जुने घर पाहताना खिडक्यांचे कोपरे नीट निरखावेत.

व्यवहार ठरला की इसार द्यायचा. तो चेकने किंवा ऑनलाइन द्या आणि इसार पावतीत ‘मालकी हक्क निर्वेध न आढळल्यास रक्कम परत’ हे वाक्य लिहून घ्या. खरेदीखतात कमी किंमत दाखवून उरलेले रोखीने मागणारे पुष्कळ भेटतात. स्थावराच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोख स्वीकारणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो, ही विक्रेत्याची जोखीम झाली. तुमची जोखीम वेगळी आहे. बँक कर्ज मोजते ते दस्तातल्या किमतीवर, शिवाय उद्या तुम्ही विकाल तेव्हा तुमची खरेदी कमी दिसेल, नफा फुगलेला दिसेल आणि कर तुम्ही भराल. घर निव्वळ महिलेच्या नावावर घेतले तर निवासी मालमत्तेच्या मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. १८ लाखांवर ते १८ हजार होतात, आणि बाईच्या नावावर घर होते हे त्या पैशाहून मोठे आहे.

‘बँकेने कर्ज मंजूर केले म्हणजे कागद बरोबरच’ असे मानून वकिलाची फी वाचवणारेही असतात. पुढच्या गिऱ्हाइकाची बँक काय पाहील असे मी म्हणतो आहे, तेव्हा याचा खुलासा केलाच पाहिजे. बँकेचा वकील बँकेसाठी पाहतो. कर्ज वसूल होण्यापुरते तारण पुरेसे आहे का, हा त्याचा प्रश्न. तुमचे स्वतःचे सात लाख, बहिणीचा दावा, वाहनतळाची जागा, रस्त्याचा वहिवाटीचा हक्क, यांची काळजी त्याच्या कामात येत नाही. त्यामुळे बँकेचा नकार हा घर न घेण्यासाठी पुरेसा पुरावा आहे, होकार मात्र घेण्यासाठी पुरेसा नाही. विक्रेत्याने किंवा एजंटाने सुचवलेला नव्हे, तुम्ही स्वतः निवडलेला दिवाणी वकील लावा आणि निबंधक कार्यालयातील तीस वर्षांचा लेखी शोध अहवाल त्याच्या सहीनिशी घ्या. इंडेक्स टू नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर स्वतःलाही शोधता येतो, आणि जिल्हा न्यायालयातील दावे नावानिशी ऑनलाइन दिसतात. एक संध्याकाळ त्याला द्या.

खरेदीखत झाले की बरेच लोक वास्तुशांतीच्या तयारीला लागतात आणि उरलेली कामे वर्षानुवर्षे राहून जातात. हद्दवाढ भागात तलाठ्याकडे, पेठेत नगर भूमापन कार्यालयात फेरफाराची नोंद लागली का हे महिन्याभरात पाहा, आणि नवा उतारा काढून स्वतःचे नाव, क्षेत्र, स्पेलिंग तपासा. महापालिकेच्या कर आकारणीत, पाणीपट्टीत आणि महावितरणच्या मीटरवर नाव बदलून घ्या. मागील थकबाकी विक्रेत्याने भरल्याची पावती आधीच घेतलेली असावी. फ्लॅट असेल तर भागपत्र नावावर करून घ्या आणि इमारतीखालची जमीन सोसायटीच्या नावावर झाली आहे का हे विचारा. झाली नसेल आणि विकासक टाळत असेल तर मानीव अभिहस्तांतरणाचा अर्ज जिल्हा उपनिबंधकांकडे करता येतो, त्यासाठी सगळ्या सभासदांनी मिळून उठावे लागते. कर्ज घेतले असेल तर मूळ कागद बँकेकडे जातील. ते देताना प्रत्येक कागदाची दस्त क्रमांकासह सही-शिक्क्याची यादी बँकेकडून घ्या आणि सगळ्याच्या छायाप्रती घरी ठेवा. रिझर्व्ह बँकेच्या १ डिसेंबर २०२३ पासूनच्या नियमानुसार कर्ज फिटल्यावर तीस दिवसांत मूळ कागद परत करावे लागतात, नाही तर बँकेच्या चुकीने होणाऱ्या उशिराच्या प्रत्येक दिवसाला पाच हजार रुपये भरपाई द्यावी लागते. ती मागण्यासाठी तुमच्या हातात ती यादी असावी लागेल.